कातडीखालचं धुकं

लहानपणी संध्याकाळी लाईट गेली की दादा बॅटरी पेटवायचा आणि तिच्या काचेवर माझा तळहात दाबून धरायचा. हात आतून पेटल्यासारखा लाल व्हायचा. बोटांच्या कडा डाळिंबाच्या दाण्यासारख्या, आणि मध्ये कुठंतरी गडद, ढगाळ असं काही. दादा विचारायचा, "हाडं दिसत्यात का रं?" मला हाडं कधीच दिसली नाहीत. दिसायचा तो नुसता लाल उजेड, हातभर पसरलेला. पण दादा माझ्याहून सात वर्षांनी मोठा, आणि विचारायचा अशा सुरात की नाही म्हणायची सोय नसायची. मी म्हणायचो, दिसतात. किती, असं विचारलं की म्हणायचो, पाच.

पुढं आयुष्यभर मी तेच काम करीन असं तेव्हा कोणी सांगितलं असतं तर खरं वाटलं नसतं. म्हणजे माणसाच्या अंगात उजेड सोडायचा आणि आत काय आहे ते सांगायचं.

पंचविसेक वर्षं झाली, मी महामार्गालगतच्या एका कॉलेजात, व्यायामाची तपासणी करणाऱ्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ आहे. कॉलेजचं नाव लिहीत नाही, कारण जे घडलं ते कॉलेजमुळं नाही, माझ्यामुळं घडलं. आणि हे लिहितोय ते फक्त एका आकड्यासाठी. माझ्या हातानं एका कागदावर मी तो लिहिला, आणि त्या आकड्यामुळं माझ्या वहिनींचा, म्हणजे दादाच्या बायकोचा, स्वतःच्या पायांवरचा विश्वास उडाला. त्यांचे पाय दुखतात हे खरं की ढोंग, एवढाच प्रश्न होता. उत्तर देणारा मी होतो.

आधी यंत्राचं सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

काडेपेटीपेक्षा थोडी मोठी अशी एक पट्टी असते. ती मांडीवर बांधायची, वर काळं कापड गुंडाळायचं, म्हणजे बाहेरचा उजेड आत शिरत नाही. पट्टीच्या एका टोकाला बारीक दिवा असतो. त्याचा उजेड डोळ्याला दिसत नाही, तांबड्याच्या पलीकडचा असतो तो. पण मांसातून तो बराच आत जातो. आत गेलेला उजेड भरकटत भरकटत कमानीसारखा वळतो आणि थोडा परत वर येतो, तिथं पट्टीच्या दुसऱ्या टोकाला तो टिपणारा डोळा बसवलेला असतो. वाटेत रक्त भेटलं तर ते उजेडातला काही भाग पिऊन टाकतं. प्राणवायू भरलेलं रक्त वेगळं पितं, रिकामं झालेलं वेगळं. तेवढ्यावरून कॉम्प्युटरच्या पडद्यावर दोन रेघा चालतात, एक लाल, एक निळी. माणसानं पायाला जोर लावला की स्नायू प्राणवायू ओढून घेतो, लाल रेघ खाली येते, निळी वर चढते. पाय सोडला की दोघी पुन्हा आपापल्या जागी. मी तासन् तास ते बघत बसलोय. कुणाचा तरी श्वास झोपेत वरखाली व्हावा तशा त्या रेघा.

फक्त एक गोष्ट आहे. उजेडाची ती कमान फार खोल जात नाही. दिवा आणि डोळा यांच्यात जेवढं अंतर, त्याच्या साधारण निम्म्यापर्यंत. आणि कातडी आणि स्नायू यांच्यामध्ये चरबी असते. बारीक माणसात ती पातळ सायीसारखी असते, उजेड ती ओलांडून खाली उतरतो. जाड माणसात तो चरबीतच फिरतो आणि चरबीतूनच परत येतो. चरबीत रक्त थोडं, आणि पायानं कितीही जोर लावला तरी तिला त्याचं काही देणंघेणं नसतं. मग रेघा जवळजवळ सरळ चालतात. खाली स्नायू जिवाच्या आकांतानं राबत असेल, तरी.

मुलांना शिकवताना मी ह्याला धुक्याचं उदाहरण देतो. माझी सासुरवाडी वाईची. थंडीत पहाटेच्या एसटीनं तिकडून निघालं की पुलापाशी धुकं असं दाटलेलं असतं की गाडीचा उजेड पुढं जातच नाही. दहा-बारा फुटांवर पांढऱ्या भिंतीला लागतो आणि आपल्याच डोळ्यांत परत येतो. ड्रायव्हर दिवे बारीक करतो, काच उघडून मान बाहेर काढतो आणि अंदाजानं नेतो. रस्ता तिथंच असतो. झाडं, मैलाचा दगड, सायकलवरून जाणारा दूधवाला, सगळे तिथंच असतात. उजेड त्यांच्यापर्यंत गेलेला नसतो, एवढंच.

म्हणून नियम असा की पट्टी बांधायच्या आधी त्या जागेची चरबी मोजायची. त्याला एक चिमटा असतो. मांडीवरची कातडी चरबीसकट दोन बोटांत उचलायची, तिला चिमटा लावायचा, काट्यावरचा आकडा वाचायचा आणि निम्मा करायचा, कारण बोटांत आलेली घडी दुहेरी असते. फॉर्मवर त्यासाठी एक चौकोन आहे. चौकोनातला आकडा मोठा असला, तर खालच्या रेघांवरून काही बोलायचं नाही. दोन मिनिटांचं काम.

आमच्याकडं बहुतेक येणारी पोरंपोरी भरतीची. सैन्याची, पोलिसांची. साताऱ्यापासून खाली पलूसपर्यंत गावागावांत सकाळी रस्त्याच्या कडेनं पळणारी ती पोरं. त्यांच्या मांड्या म्हणजे नुसत्या दोऱ्या. पहिली दोन-तीन वर्षं मी प्रत्येकाला चिमटा लावला. आकडा यायचा बारा, निम्मे सहा. परत बारा, परत सहा. पुढं पुढं मी चिमटा खणातून काढायचंच सोडलं. चौकोनात सहा लिहायचो. काही बिघडायचं नाही, कारण खरोखर सहाच असायचे.

आता वहिनी.

वहिनी लग्न होऊन आमच्या घरी आल्या तेव्हा मी कराडला शिकत होतो. दादा त्या वेळी सीमेवर. मी खोलीवर राहायचो आणि भात करपवून खायचो, हे त्यांना कुणीतरी सांगितलं. तेव्हापासून आठवड्यातून दोनदा गावच्या एसटीनं कंडक्टरच्या पायापाशी ठेवलेला डबा मला स्टँडवर मिळायला लागला. फडक्याला दोन गाठी असल्या तर वर भाकरी, तीन असल्या तर त्यात काहीतरी गोड. ह्या गाठींबद्दल आम्ही कधी बोललो नाही. मला ते आपोआप कळत गेलं.

तेव्हा त्या सडसडीत होत्या. पुढं दोन बाळंतपणं झाली, वय झालं, अंग सुटलं. दादा सुभेदार होऊन परत आला तोवर त्या चांगल्याच जाड झाल्या होत्या. दादाला ते खपायचं नाही. तो अजूनही पहाटे ग्राउंडवर जातो, गावातल्या पोरांची भरतीची तयारी करून घेतो, आणि माणूस पळत नाही म्हणजे त्याला पळायचं नाही, ह्यावर त्याचा ठाम विश्वास आहे. पन्नाशी जवळ आली तशा वहिनी म्हणायला लागल्या की मांड्या भरून येतात, जमिनीवरून उठवत नाही, दोन पायऱ्या चढलं की पाय माझे राहत नाहीत. सगळे हसायचे. आमचे एक मेव्हणे तर पंगतीत म्हणायचे की वहिनींना उठवायला कारखान्यातनं ऊस उचलायचं मशीन मागवा. त्यावर वहिनीसुद्धा हसायच्या आणि हात गुडघ्यावर रेटून, थोडं थांबून, पुन्हा रेटून उठायच्या. मीही हसायचो. हे सांगून टाकलेलं बरं.

एका शनिवारी सकाळी दादा त्यांना घेऊन माझ्याकडं आला. येणार असं आधी काही कळवलं नव्हतं. दारात उभा राहून म्हणाला, तुमचं ते उजेडाचं मशीन हिच्या पायाला लाव, एकदाचा निकाल लागू दे.

दादा माझ्या प्रयोगशाळेत पहिल्यांदाच आला होता. मी दोनदा भरतीला उभा राहिलो होतो, दोन्ही वेळा छातीच्या मापात बसलो नाही, आणि तेव्हापासून दादाच्या लेखी मी सावलीत बसून काम करणारा माणूस होतो. त्या दिवशी तो माझ्या खुर्चीमागं हात मागं बांधून उभा होता. खोलीत मुलं नव्हती, पंखा फिरत होता, खिडकीतून शेजारच्या शेतातला ऊस हलताना दिसत होता. मला एकदम वाटलं की सगळं जरा दूर गेलंय, पाण्याखालून बघतोय असं.

वहिनींना कोपऱ्यातल्या कापडी पडद्याआड बसवलं. आता मांडीवर चिमटा लावायचा म्हणजे साडी वर घ्यायला लागणार. मी दीर. आमच्याकडं दिरानं वहिनीच्या पायाकडं बघायचंही नसतं, पाया पडताना सोडून. शेजारच्या खोलीत माझ्या सहकारी बाई शिकवत होत्या. दार ठोठावून, दोन मिनिटं येता का, असं म्हटलं असतं तर त्या आल्या असत्या, रोज यायच्या. मी उठलो नाही. लाज हे एक कारण. दुसरं असं की दादाला वाटलं असतं, ह्याला साधं एक काम एकट्याला जमत नाही. मी पडद्यावरून पट्टी आत दिली आणि कुठं ठेवायची, काळं कापड कसं गुंडाळायचं, ते बाहेरून तोंडी सांगितलं. वहिनींनी आपल्या हातानं बांधली. मग मी फॉर्म ओढला, आणि चौकोनात लिहिलं, सहा.

पेन उचलता उचलताच मला कळलं होतं की हा आकडा खोटा आहे. ह्याबद्दल मी इतकी वर्षं स्वतःशीही अडखळत बोललोय, म्हणून आज सरळ लिहितो. सवयीनं हात चालला असं मी म्हणू शकतो, आणि ते अर्धं खरंही आहे. पण आकडा लिहून झाल्यावर मी त्याच्याकडं बघितलं होतं.

पायाला पट्टा अडकवून घ्यायला आणि पाय पुढं ढकलायला सांगितलं. रेघा चालू झाल्या. मी म्हणालो, लावा जोर. लाल रेघ किंचित थरथरली आणि तशीच सरळ चालत राहिली. कोयना कृष्णेला मिळते तिथं उन्हाळ्यात पाणी असतं ना, वाहतंय की थांबलंय कळत नाही, तशी.

"जोर लावा वहिनी," मी पुन्हा म्हणालो.

पडद्याआडून आवाज आला, "लावतीया की वं."

रेघ सरळ.

दादा माझ्या खांद्यावर वाकला. "काय म्हणतंय मशीन?"

त्या क्षणी माझ्याकडं खरं उत्तर होतं. मला कळत नाही, एवढंच. उजेड स्नायूपर्यंत गेलेला नाही, त्यामुळं स्नायूबद्दल हे यंत्र काहीच सांगत नाहीये, ह्यांना डॉक्टरकडं ने. धुक्याचं उदाहरण मला पाठ होतं. पण दादा वाकून विचारत होता, मोठेपणी पहिल्यांदाच मला तो काहीतरी विचारत होता आणि उत्तराची वाट बघत होता. आणि तोच सूर होता, बॅटरी धरलेल्या हाताचा.

मी म्हणालो, "स्नायू कामच करत नाहीये. जोर लागतच नाहीये."

"बगितलंस? मी म्हनत हुतो." हे दादा पडद्याकडं तोंड करून म्हणाला. मोठ्यानं नाही. त्याला राग आलेला नव्हता, शंका फिटल्यासारखा तो हलका झाला होता.

 पडद्याआड चिकटपट्टी उसवल्याचा आवाज आला. वहिनी निऱ्या नीट करत बाहेर आल्या, पट्टी माझ्या हातात दिली. त्या पट्टीला अंगाची ऊब होती. माझ्याकडं बघून हसल्या, आणि म्हणाल्या की मशीनपुढं काय बोलायचं. त्यानंतर कॅन्टीनला चहा झाला. दादानं पाठीवर थाप मारली आणि तिथल्या पोराला सांगितलं, हा माझा भाऊ, ह्याचं काम लय बारीक असतंय. परतीच्या गाडीत बसताना वहिनींनी दाराची दांडी दोन्ही हातांनी धरली आणि स्वतःला वर ओढून घेतलं. मी बघत होतो. त्या ओढण्यात काही ढोंग नव्हतं.

दोन वर्षं गेली. दादा वहिनींना रोज पहाटे ग्राउंडवर चालवायचा. त्यांनी दुखण्याबद्दल बोलणं सोडलं. घरात सगळे म्हणायला लागले, बघा, चालायला लागल्यापासून तक्रार नाही. मीही मान डोलवायचो.

एकदा सगळे मिळून वाईला गेलो होतो, माझ्या मेव्हणीच्या घरी काहीतरी कार्य होतं. दुपारनंतर बायका-पोरं घाटावर उतरली. वहिनी वरच्या पायरीवरच बसल्या. म्हणाल्या, मी चपला सांभाळते. त्यांच्याभोवती पंधरा-वीस जोड्या, मोठ्या, छोट्या, पोरांच्या वेलक्रोच्या, आणि मधोमध त्या. खाली पाण्यात ऊन असं पसरलं होतं की देवळाची सावली बुडल्यासारखी दिसत होती. सगळी पाय पाण्यात सोडून बसली होती. मी खालून वर बघितलं. वहिनी दोन्ही तळवे मांड्यांवर ठेवून, रडणाऱ्या पोराला थोपटावं तशी त्यांना हलकेच थोपटत होत्या. मला वर जाऊन शेजारी बसता आलं असतं. मी पाण्याकडं तोंड फिरवलं.

पुढं माझ्या बायकोच्या लक्षात आलं. फोनवर बोलता बोलता ती मला म्हणाली, वहिनींचा आवाज असा जड का झालाय? दिवाळीला त्या आल्या तेव्हा तिनं त्यांचा हात हातात घेतला, तर गार. भर दुपारी स्वेटर घालून बसलेल्या. ती कोणाला न विचारता त्यांना डॉक्टरकडं घेऊन गेली. रक्त तपासलं. थायरॉईड पार मंदावलेला निघाला. डॉक्टर म्हणाले, पायांतली ताकद जाणं, अंग सुटणं, गारठा, सगळं त्याचंच, आणि हे बरेच दिवसांचं आहे. सकाळी उपाशीपोटी एक गोळी. हळूहळू फरक पडेल.

फरक पडायला लागला. सगळ्यांना आनंद झाला. उजेडाच्या मशीनची कुणालाही आठवण झाली नाही. मी गप्प बसलो असतो तर ते तिथंच मिटलं असतं, आणि खरं सांगायचं तर बसणारच होतो.

पण एक दिवस बायको भाजी निवडता निवडता सहज म्हणाली, वहिनी काय वेड्यासारखं बोलत होत्या. म्हणत होत्या, एवढी वर्षं वाटायचं मीच कामचुकार आहे, मशीनमध्ये आलं होतं ना तसं. मग माझ्याकडं वळून तिनं विचारलं, कुठलं मशीन?

मी म्हणालो, असंच. दुसऱ्या दिवशी कॉलेजात जाऊन जुनी फाईल काढली. फॉर्म सापडला. वहिनींचं नाव, वय, आणि चौकोनात माझ्या अक्षरातला सहा. सुबक. त्याखाली छापलेल्या दोन सरळ रेघा. मी बराच वेळ तो कागद खिडकीच्या उजेडात धरून बसलो. कागदाच्या पलीकडचा ऊस पुसट हिरवा दिसत होता.

त्या आठवड्यात मी गावी गेलो. दादा ग्राउंडवर होता. वहिनी पडवीत बसून बेदाणे निवडत होत्या. द्राक्षं आमची नाहीत, शेजाऱ्यांची, पण सगळं गाव एकमेकांचे बेदाणे निवडतं. सकाळचं ऊन सुपात पडलं होतं आणि एकेक दाणा मधासारखा चमकत होता. मी समोर बसलो आणि काडीकचरा काढायला लागलो. थोड्या वेळानं, मान वर न करता, सगळं सांगितलं. चिमट्याचं, शेजारच्या खोलीतल्या बाईंचं, सहाचं. रेघ सरळ का आली ते. आणि हेही की मला तेव्हाच ठाऊक होतं.

वहिनी ऐकत होत्या. हात चालू होते. माझं संपलं तेव्हा त्यांनी सूप खाली ठेवलं.

"म्हंजी म्या जोर लावला हुता?"

"लावला होता वहिनी. उजेडच पोचला नव्हता."

"न्हाई, तुमी कळंल असं सांगा. म्या लावला हुता का न्हाई?"

मी म्हणालो, हो.

त्यांनी स्वतःच्या गुडघ्यांकडं बघितलं. मग म्हणाल्या, "आवं भावजी, पाय वराडायचं आन् मी त्येस्नी म्हनायची, गप ऱ्हावा, ढोंगी हायसा तुमी. रोज. ग्राउंडवर चालताना. दोन वर्सं मी माज्याच पायास्नी खोटं म्हनत हुते."

मी माफी मागायला तोंड उघडलं. त्यांनी हातानं थांबवलं. माफी राहू दे, म्हणाल्या, ती मागून तुम्ही मोकळं व्हाल. तुम्ही हे तुमच्या दादासमोर सांगायला पाहिजे. आणि इथं नाही, तिथंच, जिथं आधी सांगितलं होतं तिथं.

मला वाटलं होतं वहिनींना सांगणं हेच अवघड. ते सोपं होतं, हे तेव्हा कळलं.

पुढच्या शनिवारी दोघं आली. दादाला वाटत होतं की गोळ्यांचा फरक बघायचाय. मी शेजारच्या खोलीतल्या त्या बाईंना आधीच बोलावून ठेवलं होतं. त्या वहिनींना घेऊन पडद्याआड गेल्या. आतून दोघींचं काहीतरी कुजबुजणं आणि हसणं ऐकू आलं, मग बाईंनी आकडा सांगितला. चव्वेचाळीस. निम्मे बावीस. मी दिवा आणि डोळा यांतलं अंतर जास्त असलेली दुसरी पट्टी आत दिली. ती थोडी खोल जाते. तरीही बावीस म्हणजे फार झालं, हे मी दोघांना आधीच सांगितलं.

वहिनी म्हणाल्या, पडदा सारा, मला बघायचंय. बाईंनी त्यांच्या पायावर चादर टाकली आणि पडदा सारला. वहिनींनी जोर लावला. गळ्याच्या शिरा ताणल्या. लाल रेघ अगदी थोडी, बोटाच्या नखाएवढी खाली वाकली. पाय सोडला तशी परत वर आली. धुक्यात लांबून एखाद्या घरातला दिवा असावा की नसावा असं दिसतं, तेवढंच ते होतं. मी सांगितलं की ह्यावरून फार काही म्हणता येत नाही. त्या दिवशी काय होतं ते तर आता कधीच कळणार नाही. वहिनी त्या वाकलेल्या रेघेकडं बघत राहिल्या.

मग मी उठलो. खुर्चीत बसून बोलायचं नव्हतं. दादाकडं बघून, त्या दिवसाचं सगळं सांगितलं.  जुना फॉर्म टेबलावर ठेवला.

दादा कागदाकडं बघत होता. मग त्यानं विचारलं, "तुला तवाच ठावं हुतं?"

"हो."

"मग बोलला का न्हाईस?"

"तू विचारलंस म्हणून."

हे उत्तर त्याला कळलं की नाही, मला माहीत नाही. मला स्वतःलाही ते तोंडातून बाहेर पडल्यावर कळलं. हाडं दिसत्यात का रं? दिसतात. किती? पाच. दादा खिडकीशी जाऊन उसाकडं बघत उभा राहिला, हात मागं बांधून, आणि त्याची बोटं एकमेकांत घट्ट होती.

आमच्याकडं नोंद चुकली तर खोडरबर वापरत नाहीत. जुना आकडा वाचता येईल अशी एकच आडवी रेघ मारायची, शेजारी बरोबर आकडा लिहायचा आणि सही करायची. मी सहावर रेघ मारली. बरोबर आकडा लिहिता आला नाही, कारण त्या दिवशी तो मोजलाच नव्हता. शेजारी लिहिलं, 'मोजले नाही'. सही केली. वहिनींनी कागद मागून घेतला, वाचला, दुसऱ्यांदा वाचला, आणि घडी न घालता परत दिला.

प्रयोगशाळेत चपला बाहेर काढून यायचं असतं. निघताना दादा नेहमीप्रमाणं पुढं गेला. मी वहिनींच्या मागं दारापर्यंत आलो. दादा व्हरांड्यात चपलांच्या ढिगापाशी वाकला होता. मला वाटलं स्वतःच्या शोधतोय. त्यानं वहिनींच्या चपला काढल्या, उंबऱ्याशी आणून त्यांच्या पायांपुढं ठेवल्या, आणि तसाच वाकलेला राहिला, जणू कुणीतरी हुकूम द्यायची वाट बघतोय.

वहिनींनी खाली बघितलं.

"उलट्या ठिवल्यात," त्या म्हणाल्या.

दादानं डावी उजवीकडं घेतली, उजवी डावीकडं. वहिनींनी त्याच्या खांद्यावर हात टेकवून एकेक पाय आत सरकवला. मग दोघं जिना उतरली, पायरी पायरीनं. दादा आज पुढं नव्हता.

त्याला आता बरेच महिने झाले. वहिनी गोळी घेतात, परवा वाईला सगळ्या पायऱ्या उतरून पाण्यापर्यंत गेल्या असं बायकोनं सांगितलं. मी तिथं नव्हतो. दादा माझ्याशी बोलतो, पण कामापुरतं, आणि काही विचारत नाही. चिमटा आता माझ्या टेबलावरच असतो. पळणाऱ्या पोरांनाही लावतो. बारा येतात, मी निम्मे करतो, आणि सहा लिहिताना दर वेळी हात जरा थांबतो.

गेल्या मंगळवारी गावच्या एसटीच्या कंडक्टरचा फोन आला, डबा आहे म्हणाला, घेऊन जा. तीस वर्षांनी. स्टँडवर गेलो. फडक्याला दोनच गाठी होत्या. मी तिथल्याच बाकावर बसून त्या सोडल्या, आणि भाकरी खाल्ली.